रिपोर्ट ‘वरती’ जातो. वरती म्हणजे कुठं?

पोस्ट मोठी आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा, पण वाचा.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत एक टीम आली. दोन पोरी, एक पोरगा, गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. कुठल्या संस्थेची ते लिहीत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाहीच. आईला ओट्यावर बसवून त्यांनी पाऊण तास विचारलं. घरात माणसं किती, चूल की गॅस, संडास आहे का, असला तर वापरता का, महिन्याचा खर्च किती, मिसरी लावता का, बाळंतपणं किती झाली, त्यातली पोरं किती जगली. आईनं सगळं सांगितलं. जे मला कधी सांगितलं नव्हतं तेही त्या पोरीला सांगितलं. मग बोट टोचलं, रक्ताचे दोन थेंब घेतले, बीपी मोजला, वजन-उंची झाली. पोरी उठायला लागल्या तशी आईनं विचारलं, “मग बाय, माझं काय निघालं?”

“आजी, रिपोर्ट वरती जातो.”

“वरती म्हंजी कुठं?”

पोरगी नुसती हसली. तिचा दोष नाही. तिला दिवसाला इतके फॉर्म भरायचे असं सांगून पाठवलेलं असतं, आणि वरती म्हणजे कुठं हे तिलाही कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्या घरात असा फॉर्म भरला गेला तो हा तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळचं काय निघालं, ते आजतागायत आमच्यापर्यंत आलेलं नाही. जागच्या जागी रिपोर्ट हातात देणारे सर्व्हेही असतात, नाही असं नाही. पण सगळ्या गल्लीचं मिळून काय निघालं, गावाचं काय निघालं, हे सांगायला परत आलेला माणूस मी बघितलेला नाही. आपल्या बायकांनी पोटातलं सांगायचं, रक्त द्यायचं, आणि त्याचा पेपर कुठंतरी छापून कुणाचं तरी प्रमोशन व्हायचं. बोट आपलं, रक्त आपलं, निष्कर्ष त्यांचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ज्या समाजाचा अभ्यास करता त्याला सामील करून घ्या, आणि जे निघालं त्याचा फायदा त्याच्यापर्यंत पोचवा, असं त्यांत सांगितलेलं आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. नियमात आहे तेच मागतोय.

आता मुद्द्याचं. आपल्या आरोग्याचे प्रश्न आपण ठरवायचे, मोजायचे आपण, आणि उत्तर पहिल्यांदा आपल्या कानावर आलं पाहिजे. हे म्हसवडात होऊ शकतं, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना ते हास्यास्पद वाटतं, त्यांच्यासाठी ही पोस्ट.

पहिली गोष्ट, आपले प्रश्न वरच्यांना दिसतच नाहीत. का? कारण वरती आकडा जातो तो सातारा जिल्ह्याचा. आणि सातारा जिल्हा म्हणजे काय? एका टोकाला महाबळेश्वर, जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दुसऱ्या टोकाला आपण, जिथं पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. तिकडं घराच्या भिंतींना बुरशी, इकडं टँकरची वाट. पाटणच्या डोंगरातली बाई, कऱ्हाडच्या बागायतीतली बाई आणि विरकरवाडीच्या माळावरची बाई, तिघींची बेरीज करून तीननं भागायचं आणि त्याला जिल्ह्याची सरासरी म्हणायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आकडा भयंकर आहे. पण आपल्या वॉर्डात किती, आणि ते कशानं, खाण्यानं की पाळीच्या त्रासानं की कामानं, हे त्या आकड्यातून कळत नाही. ती पाहणी त्यासाठी केलेलीही नसते.

माझं मेडिकल आहे, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. वीस-बावीस वर्षं काउंटरच्या आत उभा आहे. कोण काय घेऊन जातं त्यावरून गावाची प्रकृती कळते. डॉक्टरला न सांगितलेलं काउंटरवर सांगतात. त्या अनुभवातून तीन गोष्टी मांडतो. पुरावा म्हणून नाही, प्रश्न म्हणून.

मुतखडा. म्हसवडात, देवापूरला, वरकुटे-मलवडीला, कुठंही जा, प्रत्येक घरात एक तरी माणूस मुतखड्याचा. आणि प्रत्येकाचं निदान ठरलेलं: “बोअरच्या पाण्यानं.” पाणी जड आहे, भांड्याला पांढरा थर बसतो, तसाच मूत्रपिंडात बसतो. ऐकायला पटतं. मीही वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला हेच सांगत होतो. पण वाचायला बसलो तेव्हा कळलं की जड पाणी आणि मुतखडा यांचा संबंध शास्त्रज्ञांना नीट सिद्ध करता आलेला नाही. काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही म्हणतात. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे ती गोष्ट वेगळीच आहे: ऊन जास्त, घाम जास्त, पाणी पिणं कमी, लघवी कमी आणि घट्ट. डॉक्टर सांगतात, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. आता मला सांगा, चैत्र-वैशाखात रानात खुरपायला गेलेली बाई इतकं पाणी पिते का? पीत नाही. का पीत नाही? कारण रानात आडोसा नसतो. बाई सकाळी आठला जाते ती संध्याकाळी सहाला येते आणि मधे लघवीला जायला लागू नये म्हणून घोटभरच पिते. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. इतकी वर्षं दुकानात उभं राहून मला सुचलं नव्हतं.

आणि तिकडं ‘बोअरच्या पाण्यानं मुतखडा’ या एका वाक्यावर जारचा धंदा उभा राहिला. माझा धंद्याला विरोध नाही. पण आरओच्या मशीनमधून एक लिटर पाणी निघायला बऱ्याचदा दोन-तीन लिटर पाणी गटारात जातं. दुष्काळी तालुक्यात! विरघळलेले क्षार लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आत असतील तिथं आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली म्हटलं. आपल्या वॉर्डातल्या बोअरला किती आहेत, ते कुणी काढून फळ्यावर लिहिलंय का? भारतीय मानक सांगतं, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, फ्लोराइड एकपर्यंत, अगदी दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत. नायट्रेट चवीला कळत नाही, वासाला कळत नाही, उकळून जात नाही. ते रानातल्या खतातून आणि संडासाच्या खड्ड्यातून उतरतं. तान्ह्या बाळाला दूध-पावडर त्याच पाण्यात कालवली तर बाळ निळं पडू शकतं. म्हणजे कदाचित ज्याची भीती घालतात ते पाण्यात नसेल, आणि ज्याची भीती वाटायला पाहिजे ते असेल. उरमोडीचं पाणी आलं का, टेंभूचं कधी येणार, जिहे-कठापूर कुणी केली, यावर आपण निवडणुका लढलो, भावकीत बोलणं बंद केलं. पाणी आलं का, हे सगळ्यांनी विचारलं. पाण्यातून काय आलं, हे विचारणारा एक उमेदवार दाखवा.

दुसरी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. कंबरदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक. कायद्यानं डॉक्टरची चिठ्ठी लागते. पण संध्याकाळी रानातून आलेली मावशी म्हणते, “दे रं पोरा, कालचीच दे,” आणि आपण देतो. रोजची एक, महिन्याची तीस, वर्षानुवर्षं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी मूत्रपिंडाला घातक, हे मी शिकलेलो आहे, तरी देतो. दिली नाही तर ती शेजारच्या दुकानातून घेते. माझ्या एकट्याच्या दुकानातून वर्षाला किती जातात ते माझ्या बिलबुकात आहे. सगळ्या म्हसवडची बेरीज कुणी केलेली नाही. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा गाडी करून बाहेरगावी जाणारी माणसं आपल्याला माहीत आहेत. त्यांच्यात या गोळ्या खाणारे किती, उन्हात राबणारे किती, शुगर-बीपीचे किती, हे कुणी बसून विचारलंय?

हे माझं खूळ नाही. निकाराग्वा नावाचा एक छोटा देश आहे, अमेरिका खंडात मधोमध. तिथं चिचिगाल्पा गावाजवळ मोठा साखर कारखाना. ऊसतोडीची तरणी पोरं मूत्रपिंड निकामी होऊन मरायला लागली. शुगर नाही, बीपी नाही, तरी मरत होती. कारखान्याला जागतिक बँकेच्या गटातलं कर्ज होतं. आजारी कामगारांनी संघटना केली आणि २००८ साली थेट तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडं गेले. काय मागितलं? नुसते पैसे नाही. आम्ही का मरतोय ते शोधा, आणि कोण शोधणार यात आमचं मत घ्या. त्यातून बॉस्टन विद्यापीठाची टीम आली. पुढच्या काही वर्षांत ऊन, अतोनात कष्ट आणि अंगातलं पाणी आटणं याच्यावर बोट आलं. अजून सगळा उलगडा झालेला नाही, पण सावली, पाणी आणि विश्रांती ही कामाच्या ठिकाणची सोय त्यातून पुढं आली. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागातही असाच मूत्रपिंडाचा आजार आहे. आता सातारा-सांगलीत साखर कारखाने काय कमी आहेत? आणि आपल्याकडच्या टोळ्याही कोयता घेऊन जातातच की.

कोयता म्हटला की बीड आठवतं. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी २०१९ ला देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा मोजलं. ८२,३०९ बायकांची पाहणी, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. मोजायच्या आधी हे बायकांना माहीत नव्हतं का? प्रत्येक तांड्याला, प्रत्येक वस्तीला माहीत होतं. मोजलेलं नव्हतं, एवढंच. जे मोजत नाही ते सरकारच्या लेखी घडतच नाही.

तिसरी गोष्ट गलाईची. आपल्या माणदेशातली, खानापूर-आटपाडीतली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. केरळ, तमिळनाडू, कोलकाता, कुठल्याही सराफ पेठेच्या मागच्या बोळात आपला माणूस भेटतो. त्यांच्या पैशावर इकडं बंगले झाले, मंदिरांचे कळस झाले. सिद्धनाथाच्या रथाला गाड्या भरून येतात, त्यातल्या निम्म्या पाट्या परराज्यातल्या. पण ते काम काय आहे? दहा बाय दहाची खोली, भट्टी, आणि नायट्रिक ॲसिडचा तपकिरी धूर. तो धूर फुप्फुस जाळतो, आणि त्याचा त्रास कधीकधी लगेच नाही, काही तासांनी सुरू होतो. जुन्या पद्धतीत शिसंही वापरायचे. शिसं रक्तात गेलं की रक्त कमी होतं, नसा बिघडतात, बीपी वाढतो, मूत्रपिंड जातं. हा माणूस तिकडं कमावतो आणि खोकला घेऊन पंचेचाळिशीत इकडं येतो. तिकडच्या सरकारच्या दृष्टीनं तो पाहुणा, इकडच्या दृष्टीनं शेठ. गलाईवाल्यांचे मेळावे होतात, सत्कार होतात, आमदार-खासदार भाषणं करतात. एका मेळाव्यात शंभर जणांची फुप्फुसं तपासा की. फुंकर मारायची नळी असते, दहा मिनिटांचं काम आहे.

हे सगळं मी एका डॉक्टर मित्राला बोललो, तर त्यानं सरळ सुनावलं. “संशोधन हे येड्यागबाळ्याचं काम नाही. सॅम्पल साइज कळतो का तुम्हाला? लोक काहीही सांगतात. उगाच भीती पसरेल.” त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, ते पुढं सांगतो. पण आधी ‘येड्यागबाळ्या’चं बघू.

याच म्हसवडात १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. चेतना सिन्हांनी आपल्याच बायकांना घेऊन पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं तो परत पाठवला. कारण काय, तर प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर आहेत. बायका हटल्या नाहीत. शिकायला बसल्या, आणि पुन्हा साहेबांपुढं जाऊन म्हणाल्या की व्याजाचा हिशोब आम्हाला तोंडी घाला, आणि तुमच्या साहेबांनाही मशीन न घेता करायला सांगा. परवाना मिळाला. ज्या गावानं ‘अडाणी बायका बँक चालवू शकत नाहीत’ हे खोटं पाडलं, त्याच गावाला ‘अडाणी माणसं आजार मोजू शकत नाहीत’ हे ऐकवता?

टाकेवाडी घ्या. २०१८ च्या वॉटर कपात राज्यात पहिली आली. आपल्याच तालुक्यातली. तिथल्या बाया-बापड्यांनी समपातळी रेषा आखल्या, चराची लांबी-रुंदी-खोली मोजली, किती घनमीटर काम झालं ते लिहून ठेवलं. तेव्हा कुणी इंजिनिअरिंगची डिग्री विचारली नाही. ज्या हातांनी चर मोजला त्या हाताला बीपीचं मशीन जड होईल का?

आणि हे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. गावाला विश्वासात घेऊन, बायकांच्या साथीनं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला, आणि त्यांतल्या फक्त ८ टक्के बायकांची आधी कधी तशी तपासणी झालेली होती. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगाला कळलं की गावातल्या बाईला बाळंतपणापलीकडंही शरीर असतं. तिथंच त्यांनी अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी श्वास मोजायचं एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, एक मोठ्या बाळासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मणी संपून पुढं गेलं तर न्यूमोनिया समजायचा. सुईणीला पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते, म्हणून तिला हाकलून दिलं नाही. आकडे मण्यांत आणले. पुढं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि पहिल्या महिन्यातले बाळमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ चा लॅन्सेट. आज आपली आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करते, ताप बघते, त्याचं मूळ तिथं आहे. पद्धत गावात शोधली आणि नंतर ‘वरती’ गेली. हा उलटा प्रवास लक्षात ठेवा.

सांगलीचंही सांगायला हवं, ते जवळ आहे. १९९२ पासून मीना शेषूंच्या ‘संग्राम’नं एचआयव्हीच्या कामात वेश्या व्यवसायातल्या बायकांनाच पुढं केलं. ज्यांना लोक दारात उभं करत नव्हते त्याच बायका दुसऱ्यांना आजाराबद्दल शिकवायला लागल्या.

आणि डॉक्टर मित्रा, तुझ्यासाठी हिंमतराव बावस्कर. १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावला की माणूस मरायचा, आणि पुस्तकात त्याचं धड वर्णन नव्हतं. हा माणूस रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसला, नाडी, बीपी, घाम, थंड पडलेले हातपाय, सगळं वहीत टिपलं. पुढं प्रॅझोसिन नावाचं बीपीचं औषध त्यावर चालतं हे दाखवलं आणि मरणाचं प्रमाण दोन-तीन टक्क्यांवर आलं. वातानुकूलित लॅब नव्हती. समोरचा प्रश्न होता आणि वही होती. २०२२ ला पद्मश्री मिळाली. तुझ्या ओपीडीत रोज साठ-सत्तर पेशंट येतात, तुझी वही कुठं आहे?

आता त्याच्या म्हणण्यातलं तथ्य. ‘लोक काहीही सांगतात’ हे खरं आहे, आणि आपण मोजायला बसलो तरी चुकीचं मोजू शकतो. समजा, मुतखडा झालेली शंभर माणसं शोधली आणि त्यातली नव्वद बोअरचं पाणी पिणारी निघाली. झालं, लगेच व्हॉट्सॲपवर ‘सिद्ध झालं’ म्हणून फिरेल. पण मुतखडा न झालेल्या शंभरातलीही नव्वद तेच पाणी पीत असतील, तर आपण काय सिद्ध केलं? काहीच नाही. म्हणून ज्याला खडा झाला त्याच्या शेजारचा, त्याच वयाचा, खडा न झालेला माणूसही विचारायला पाहिजे. दोघांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत. फरक कशात पडतो ते बघायचं. एवढं कळायला एमडी लागत नाही. बैल घेताना आपण दोन बैल शेजारी उभे करूनच बघतो. पण प्रश्न कसे लिहायचे, किती घरं घ्यायची, आकडेमोड कशी करायची, इथं जाणकार लागतोच. मिरजेला, कऱ्हाडला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, साताऱ्यातही आता शासकीय महाविद्यालय झालंय. तिथं समाजवैद्यक नावाचा विभागच असतो. त्यांनी यावं. शिकवायला यावं आणि तपासायला यावं. फक्त प्रश्न आमचे असतील आणि निकाल आधी इथं वाचला जाईल.

आणि भीती पसरेल म्हणतो ना? भीती पसरलेलीच आहे. आकडा नाही म्हणून तर पसरलेली आहे.

आता सरकारी बाजू बघा, कारण ‘यासाठी समित्या आहेत’ असं सांगणारे भेटतील. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ ला आलं. गावोगाव ग्राम आरोग्य समिती झाली, तिला वर्षाला दहा हजाराचा निधी. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली. लोकांनीच दवाखान्याला गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढं मांडायचं. चांगली गोष्ट होती. पहिले पाच जिल्हे होते अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे. सातारा नव्हता. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट देऊन शिकवायचं ठरलं. तेही गावाला. आपलं म्हसवड काय आहे? नगरपरिषद. म्हणजे आपल्याला ग्रामसभा नाही. आणि शहरी आरोग्य अभियान मुख्यतः पन्नास हजारांच्या वरच्या शहरांना, आपण त्याच्या खूप खाली. गाव म्हणून मोजत नाहीत, शहर म्हणून धरत नाहीत. वाड्या-वस्त्या मात्र हद्दीत मैलोन् मैल पसरलेल्या, जिथं ‘शहर’ हा शब्द फक्त घरपट्टीच्या पावतीवर दिसतो.

मग राहतं काय? शिबिर. वाढदिवसाला भव्य मोफत सर्वरोगनिदान शिबिर. मंडप, फ्लेक्स, साडेतीनशे माणसांची बीपी-शुगर, फोटो, चष्म्यांचं वाटप. त्या साडेतीनशे जणांचे आकडे कुठं जातात? एका तरी नेत्यानं दुसऱ्या वर्षी सांगितलं का, की गेल्या साली इतक्या जणांचा बीपी वाढलेला होता, त्यातले इतके आज गोळी घेतात? शिबिराला खर्च होतो त्याच्या चौथ्या हिश्शात सगळ्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून होईल, असा माझा अंदाज आहे. पण पाण्याच्या बाटलीबरोबर फोटो चांगला येत नाही.

अजून एक, कुणी सुचवायच्या आधीच सांगतो. हे काम आशाताईंच्या गळ्यात घालायचं नाही. त्यांच्या डोक्यावर आधीच ढीगभर रजिस्टरं आहेत. मानधनासाठी त्यांना २०२३ ला राज्यभर संप करावा लागला. फुकटात राबवायला गावातली गरीब बाई शोधायची ही आपली जुनी सवय आहे, ती इथं नको.

आणि आपलंही थोडं. उद्या मोजल्यावर कारण पाण्यात नाही, आपल्या मिसरीत निघालं तर? आपल्याच घरातल्या बाईला शेवटी उरलेलं जेवायला मिळतं, त्यात निघालं तर? माझ्या काउंटरवरच्या गोळ्यांत निघालं तर? तेव्हा ‘सर्व्हे खोटा’ म्हणायचं नाही. मी माझ्यापुरतं आधीच लिहून देतो.

तर करायचं काय. मी काही संस्था काढत नाही, वर्गणी मागत नाही. एक प्रश्न घ्यायचा, मुतखड्याचा. पावसाळ्याच्या आधी सुरुवात, कारण उन्हाळ्यातलंच पाणी मोजायचंय. दीडशे खडेवाले, त्यांच्या शेजारचे दीडशे बिनखडेवाले. नाव वहीत लिहायचं नाही, नंबर लिहायचा. नाव-नंबराचा कागद एकाच माणसाकडं, कुलपात. पाणी कुठलं, दिवसाला तांबे किती, रानात की सावलीत, गोळ्या कुठल्या, बायकांना रानात आडोसा आहे का. बोअर आणि आडाचे नमुने सरकारी प्रयोगशाळेत फी भरून द्यायचे. एका प्राध्यापक बाईंनी प्रश्नावली तपासून द्यायचं कबूल केलंय. निकाल लागला की पहिला सिद्धनाथाच्या पटांगणात वाचायचा, माणदेशी तरंगनं घेतला तर रेडिओवर, आणि मग ज्याला वरती न्यायचा त्यानं न्यावा.

फॉर्म भरणारी वीस माणसं लागतील. त्यात निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, कारण आडोशाचा प्रश्न मी विचारला तर खरं उत्तर येणार नाही. लिहिता-वाचता येत नसेल तरी चालेल, जोडीला एक शाळकरी पोरगं देऊ. दुकानात दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते, तेव्हा या. वही काउंटरवर ठेवलीय. आत्तापर्यंत त्यात चार नावं आहेत, त्यातलं एक माझ्या आईचं. ती म्हणते, “मी इचारते की. मला समदी सांगत्यात.”